शाळेसाठी सेकंडहँड लॅपटॉप आणि वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली ट्रॉली: पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच मागे फिरलं तरी चालेल. ट्रॉली, म्हणजे लॅपटॉप ठेवून, चार्ज करून वर्गावर्गात फिरवायचं चाकांचं कपाट, ५ पैकी साडेचार. रीफर्बिश्ड लॅपटॉप, साडेतीन. लॅपटॉप ज्या दुकानातून घेतले ते दुकान, दोन, आणि तेही माल शेवटी बरा निघाला म्हणून. नाव घेत नाही, भांडण मिटलंय.

आता सविस्तर, कारण आमच्याकडे आजूबाजूच्या तीन-चार शाळांतून विचारणा झाली आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला. आमची जिल्हा परिषदेची शाळा, देवगड तालुका, पहिली ते सातवी, पट ५२, शिक्षक तीन. वापरात खोल्या तीन, एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी आणि तिसरीत पाचवी-सहावी-सातवी. चौथी खोली आहे पण तिच्यात पोषण आहाराचा तांदूळ, जुनी बाकं आणि गळकं कौल. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, आणि लग्नाआधी कणकवलीत एमएससीआयटीच्या क्लासला शिकवायचे म्हणून कॉम्प्युटरचं सगळं आपोआप माझ्या गळ्यात आलं.

गावच्या मुंबईकर मंडळाने पैसे दिले ते "कॉम्प्युटर लॅब"साठी. म्हणजे त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं, एक खोली, भिंतीला लागून टेबलं, त्यावर डेस्कटॉप, दारावर मंडळाची पाटी, गणपतीत आले की फीत कापायची. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लॅब हा प्रकार मी क्लासमध्ये वर्षानुवर्षं बघितलाय आणि तो मोठ्या माणसांसाठी ठीक आहे जी फी भरून ठरल्या वेळेला येतात, ठरलेल्या खुर्चीवर बसतात आणि तासभर तेच करतात. सात वर्षांच्या पोराचं तसं नसतं. आणि तीन शिक्षकांच्या शाळेत लॅब म्हणजे काय होतं माहितीय ना, एक शिक्षक एका वर्गाला घेऊन लॅबमध्ये गेला की त्याच खोलीतल्या दुसऱ्या इयत्तेला वाऱ्यावर सोडायचं किंवा सगळ्यांनाच उचलून न्यायचं.

मीटिंगला मी कागदावर हिशेब मांडला. एका खोलीतली साधारण १७ मुलं, लॅपटॉप ६, म्हणजे एकावर तिघं. तासिका ३५ मिनिटांची. रांग लावणे, चपला काढणे, कुलूप उघडणे, मशीन सुरू होणे यात दहा मिनिटं गेलीच. उरली २५, भागिले तीन, एका मुलाच्या हातात माउस आठ मिनिटं. आठवड्यातून एकदा. त्यात वीज गेली, बाई ट्रेनिंगला गेल्या, केंद्रप्रमुख आले, की तो आठवडा गेला. हे ऐकल्यावर समितीतले एक आजोबा म्हणाले, "कुलपातच ठेवूचे असतील तर घेतास कित्याक?" आणि तिथेच लॅबचा विषय संपला. मंडळाला समजावायला मात्र वेळ लागला, शेवटी ट्रॉलीच्या दर्शनी बाजूला मंडळाचं नाव आणि साल रंगवून देऊ म्हंटल्यावर तेही खूश, उलट म्हणाले हे बरं आहे, पाटी तिन्ही वर्गात फिरेल.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगते. कोणी म्हणालं एक मोठा टीव्ही घ्या. टीव्ही आहे आमच्याकडे, पोरं तो बघतात, बस. हात मागेच राहतात. कोणी म्हणालं टॅब घ्या, पण टॅबवर मराठी टाइपिंग शिकवणं म्हणजे घरच्या मोबाइलवर जे करतात तेच शाळेत करणं. एकाने तो एक सीपीयू आणि पाच-सहा स्क्रीनवाला प्रकार सुचवला, एन-कंप्युटिंग टाइप, आंध्र प्रदेशात २००८ च्या सुमाराला सरकारी शाळांत तो हजारोंनी बसवला होता. वीज कमी लागते, स्वस्त पडतो, पण मधला सीपीयू बसला की सगळं दुकान बंद आणि तो एका जागी खिळलेला, म्हणजे परत लॅबच. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरचा कीबोर्डमध्येच सगळं असलेला मॉडेल, ४००, मला स्वतःला फार आवडतो, वीज तर अगदीच नगण्य खातो, पण त्याला वेगळी स्क्रीन लागते आणि वीज गेली की तोही गेला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज हा भरवशाचा पाहुणा नाही, त्यामुळे बॅटरी आत असलेलं मशीन हवंच होतं. डेस्कटॉप आणि जुना मॉनिटर मिळून शंभर वॉटच्या आसपास खातो आणि साधा यूपीएस त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतो. लॅपटॉप निवांत दोन-तीन तास चालतो.

जाता जाता एक गोष्ट, आपल्याकडे हे सगळं नवीन नाहीये. रायगडातल्या कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" वाला प्रयोग सुरू झाला होता, भारतातला पहिला, ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप. आणि सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत भोक पाडून कॉम्प्युटर बसवला ते बऱ्याच जणांनी ऐकलंय, पण नंतर तशाच भिंतीतल्या मशीन आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही बसवल्या होत्या हे इथल्याच लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दोन्हीत फरक असा की खैराटला ज्याचा त्याचा वेगळा आणि भिंतीपुढे चार-पाच पोरांची झुंबड, एक चालवतोय, बाकीचे ओरडून सांगतायत. आम्हाला प्रत्येकी एक परवडणारच नव्हता, त्यामुळे झुंबडीला शिस्त कशी लावायची एवढाच प्रश्न होता. तो मशीनने सुटत नाही, मांडणीने सुटतो, म्हणून या रिव्ह्यूत लॅपटॉपपेक्षा ट्रॉली आणि बाकांबद्दल जास्त आहे.

तरी लॅपटॉप आधी उरकते. ऑफिसातून निघालेले, १४ इंची, आय-फाइव्ह सहाव्या-सातव्या जनरेशनचे, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. एकेक पंधरा-सोळा हजारांच्या आसपास पडला. त्याच पैशात नवीन लॅपटॉपही मिळत होते, चकचकीत, पण त्यात सेलेरॉनसारखा कमजोर प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू स्टोरेज, तो ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की धापा टाकतो, आणि बॉडी अशी की पोराने झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरी गेली. ऑफिसचे जुने लॅपटॉप बिजागरीला दणकट असतात, बऱ्याच मॉडेलच्या कीबोर्डला पाणी सांडलं तर खाली निघून जायची वाट असते, आणि पार्ट मिळतात. शाळेसाठी जुना पण जाड हाच माल घ्या.

बघून काय घ्यायचं तर बॅटरी. दुकानदार चार्ज १०० टक्के दाखवतो, त्याला काही अर्थ नाही. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर भाव पाडा नाहीतर बॅटरी बदलून मागा. आमच्या सहातल्या दोघांची निम्म्याच्याही खाली निघाली. दुकानदाराचं म्हणणं, वर्षाची वॉरंटी आहे पण बॅटरी आणि चार्जर सोडून, म्हणजे जे बिघडतं ते सोडून बाकी सगळ्याची वॉरंटी. बिलावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. मग फोन उचलायचा नाही, उचलला तर "मॅडम, माल यायचाय". शेवटी मंडळाच्या खजिनदारांनी मुंबईहून दोनदा दम दिला तेव्हा बॅटऱ्या बदलून आल्या. स्टार दोन ते यासाठीच. जीएसटीचं बिल मात्र पहिल्याच दिवशी नीट दिलं, मशीनचे सीरियल नंबर टाकून, ते देणगीच्या हिशेबाला लागतंच, तेवढं श्रेय द्यायला हवं.

विंडोजचं म्हणाल तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, हे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. जुगाड करून टाकून देणारे आहेत, शाळेत जुगाड नको. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट या सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, फुकट, हलकी, अँटिव्हायरसची कटकट नाही. केरळात तर सरकारी शाळांचा सगळा आयटीचा अभ्यास गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतो, त्यामुळे "लिनक्स पोरांना जमणार नाही" हे मला कोणी सांगू नये. पोरांना काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो गुरुजींना, त्यांना एक्सेल हवं असतं, पण त्यांचं पुढे येतंय.

आता ट्रॉली. रेडीमेड चार्जिंग कार्ट मिळतात, ऑनलाइन भाव बघून मी टॅब बंद केली. मग नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्या दादाकडे जाऊन कागदावर चित्र काढलं. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, बाहेरून पत्रा, पुढे दोन दारं, मागे एक दार वायरिंगसाठी. आत प्लायचे उभे सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात लॅपटॉप पुस्तकासारखा उभा राहतो. वरच्या बाजूला माउस, हेडफोन, वर्गाच्या वह्या ठेवायला सपाट जागा, कडेला दोन इंच उंच पट्टी म्हणजे ढकलताना काही घरंगळत नाही. मागच्या बाजूला सगळे चार्जर आतच पट्ट्यांनी पक्के बांधलेले, फक्त त्यांची टोकं पुढे कप्प्यात निघतात. हे महत्त्वाचं आहे हां, चार्जर सुटे ठेवले की त्यांची हमखास गुंतवळ होते आणि पिना वाकतात, आणि एखादा गुरुजींच्या घरी जातो.

रंगाबद्दल वेल्डिंगवाल्याशी वाद झाला, तो म्हणाला ऑइल पेंट मारतो, स्वस्तात होईल. खाडीपासून आमची शाळा हाकेच्या अंतरावर आहे, खारं वारं ऑइल पेंटला एका पावसाळ्यात सोलून काढतं, शाळेच्या खिडक्यांचे गज बघा म्हंटलं. मग पावडर कोटिंग करून घेतलं, कोटिंगला कुडाळला पाठवावं लागलं, आठवडा गेला, पण गणपती झाले दिवाळी झाली तरी गंजाचा ठिपका फक्त वेल्डिंगच्या एका सांध्यावर आहे, जिथे कोटिंग नीट पोचलं नव्हतं.

वायरिंग. वायरमनने सांगितलं सहा लॅपटॉप म्हणजे मोठा लोड, वेगळी लाइन टाका. थांबा, हिशेब करा. एक चार्जर ६५ वॉटचा, सहा झाले ३९०, आणि २३० व्होल्टला ते दोन अँपिअरसुद्धा होत नाहीत. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर आरामात चालतं. एक चांगला स्पाइक गार्ड, एक एमसीबी, झालं. पैसे खर्च करायचेच असतील तर ते अर्थिंगवर करा आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. ट्रॉली पत्र्याची आहे आणि तिला सगळा दिवस पोरं हात लावतात. आपल्याकडे जमीन जांभ्याची, पावसाळ्यात ठीक असते, पण एप्रिल-मेमध्ये अशी कोरडी होते की अर्थिंगच्या खड्ड्यात काही जीव राहत नाही, आणि कित्येक जुन्या शाळांत तर तिसरी पिन प्लगमध्ये नुसती दिसायला असते, मागे वायरच नाही. वायरमनकडून बल्ब लावून तपासून घ्या, फेज आणि अर्थ यांच्यात लावलेला बल्ब फेज-न्यूट्रलइतकाच पेटला पाहिजे. मिणमिणला तर खड्डा नवीन करा, कोळसा-मीठ घालून, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम कोणालातरी नेमून द्या. बोर्डवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. आमच्याकडे ती पहिल्या पावसात सारखी पडायला लागली तेव्हा सगळे म्हणाले काढून टाका ही कटकट, शोधल्यावर कळलं व्हरांड्यातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जात होतं. म्हणजे ती तिचं काम करत होती. विजा चमकायला लागल्या की ट्रॉलीचा प्लग काढायचा, हे पोरांना पाठ आहे.

दमटपणा हा दुसरा शत्रू. भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज ज्या कपाटात असतात त्यात पावसाळाभर छोटा बल्ब पेटता ठेवतात, बुरशी येऊ नये म्हणून, तीच आयडिया ट्रॉलीत वापरली. तळाला १५ वॉटचा साधा पिवळा बल्ब, जाळीच्या डब्यात, लॅपटॉपपासून लांब, रात्री सुरू. एलईडी नाही चालत, तो गरमच होत नाही. वरून सिलिका जेलची पाकिटं. पत्र्याला हवेसाठी भोकं पाडली तर त्यातून पाल आणि मुंग्या जातात, म्हणून आतून डासांची जाळी लावली. एवढं करूनही एका लॅपटॉपच्या स्क्रीनच्या कडेला आतून डाग आलाय. तो "विजयदुर्ग".

हो, पोरांनी लॅपटॉपना किल्ल्यांची नावं दिलीयत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, देवगड, भरतगड, रामगड, यशवंतगड. नंबर दिले असते तर एक नंबरसाठी मारामारी झाली असती, तशी ती आता सिंधुदुर्गसाठी होते, पण कमी. ऐकायला मजा येते, "बाई, रामगड हँग झाला", "यशवंतगडची बॅटरी संपली".

वर्गात मांडणी कशी करायची यावर बरीच डोकेफोड केली. आधी बाकं रांगेत ठेवून बघितली, फळ्याकडे तोंड करून. त्यात बाईंना फक्त लॅपटॉपच्या पाठी दिसतात, पुढे काय चाललंय ते कळत नाही. आता लॅपटॉप दोन भिंतींना लागून आहेत, पोरांची तोंडं भिंतीकडे, म्हणजे बाई मधे उभ्या राहिल्या की सहाही स्क्रीन एका नजरेत. वायर जमिनीवरून आडवी जाता कामा नये, खरं तर वर्गात वायरच नको, ट्रॉली चार्ज होऊन येते आणि लॅपटॉप बॅटरीवरच चालतात. खिडकीकडे पाठ करून बसवलं की स्क्रीनवर उजेडाचा पट्टा येतो आणि काही दिसत नाही, खिडकीकडे तोंड केलं तर डोळ्यांवर, म्हणून खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडायची. तिसरीपासून पुढे नेहमीचे बाक चालले. पहिली-दुसरी खाली बसतात, त्यांच्यासाठी आंब्याच्या लाकडी पेट्या उलट्या करून वर प्लायची फळी टाकली, मांडी घालून बसलेल्या पोराला उंची बरोब्बर येते. देवगडात दुसरं काही मिळो न मिळो, पेट्या मिळतात.

टचपॅड छोट्या हातांना जमत नाही, माउस घ्याच, वायरवाला. वायरलेसचे सेल संपतात आणि तो छोटा रिसीव्हर कुठल्या कंपासपेटीत जाईल सांगता येत नाही. हेडफोनला दोन टोकांचा स्प्लिटर लावला की दोघांना ऐकू येतं, अगदी स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यामुळे वर्गातला अर्धा कलकलाट गेला.

ट्रॉलीचं वेळापत्रक असं: सोमवार ते शुक्रवार सकाळ आणि दुपार मिळून दहा फेऱ्या, शनिवारी सकाळी एक, अकरा. तीन खोल्यांना प्रत्येकी तीन, नऊ झाल्या. उरलेल्या दोनपैकी एक शिक्षकांच्या ऑनलाइन कामाला आणि एक साफसफाई, अपडेट, चार्जिंगला. ज्या खोलीत ट्रॉली आहे तिथे अख्खा वर्ग कॉम्प्युटरवर नसतो. बाई तिसरीला गणित शिकवतायत तेव्हा चौथी लॅपटॉपवर, मग उलट. दोन इयत्ता एका खोलीत हे आपल्या छोट्या शाळांचं रडगाणं आहे ना, इथे तेच उपयोगी पडलं, कारण तशीही एका इयत्तेला काहीतरी स्वतःहून करायला द्यावंच लागतं. आमच्या बाई स्वतः म्हणाल्या की पूर्वी त्या वेळेला पोरं "पाढे लिहा" मध्ये अडकलेली असायची.

एका लॅपटॉपवर दोघं, पाळी वीस मिनिटांची, दहा मिनिटांनी माउस दुसऱ्याकडे. म्हणजे एका फेरीत प्रत्येकाच्या हातात दहा मिनिटं तरी येतात, आठवड्याला अर्धा तास, बहुतेकदा जास्तच. लॅबच्या आठ मिनिटांशी ताडून बघा.

हे कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात जे व्हायचं तेच झालं, सातवीतले दोन-तीन मोठे मुलगे माउस धरून बसायचे आणि मुली शेजारी हाताची घडी घालून बघायच्या. "बाईनू, ह्यो माउस सोडणा नाय!" हे दर पाच मिनिटांनी. मग दोन गोष्टी केल्या. एक, दोघांची कामं वेगळी केली, एक चालवणारा आणि एक सांगणारा. चालवणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, सांगणारा सांगेल ते करायचं. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. ऐकायला खेळासारखं आहे पण यात गंमत अशी होते की ज्याला येतं त्याला ते तोंडाने सांगावं लागतं, आणि "इकडे, इकडे, अरे तिकडे" म्हणून भागत नाही. दुसरी गोष्ट, दारामागे खिळ्यांची फळी, प्रत्येकाच्या नावाचा पुठ्ठा, डावीकडे बाकी, उजवीकडे झालं. आपला पुठ्ठा आपण हलवायचा. बाईंना कोणाची पाळी राहिली ते विचारावं लागत नाही, आणि गैरहजर होता त्याचा पुठ्ठा डावीकडेच लटकत राहतो, पुढच्या फेरीत आधी त्याचा नंबर.

घड्याळाकडे बघून "बदला" ओरडायचं काम शालेय मंत्रिमंडळातल्या संगणकमंत्र्याकडे. आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री होतेच, हे खातं नवीन काढलं आणि ठरवून मुलीला दिलं. ती पाचवीतली आहे आणि तिला सातवीतले घाबरतात. हात धुतल्याशिवाय लॅपटॉपला हात नाही हा नियमही तिचाच, खिचडीनंतरच्या फेरीत ती दारात उभी राहून हात हुंगते.

पोरं करतात काय? लहान मुलं टक्स पेंट आणि जीकॉम्प्री. दोन्ही फुकट, इंटरनेटशिवाय चालतात, जीकॉम्प्री तर दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, माउस धरण्यापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत सगळं आहे. टक्स पेंटमध्ये एक त्रास, सगळे एकाच खात्यावर असतील तर चित्रं एकाच ठिकाणी दिसतात आणि एकाची होडी दुसरा पुसतो, त्यावरून रडारड. तिन्ही खोल्यांसाठी वेगवेगळी खाती केली आणि जोडीला किल्ला ठरवून दिला, तेव्हा कमी झालं, बंद नाही झालं. मोठ्यांना स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचा. त्याचं अधिकृत ऑफलाइन ॲप लिनक्सला नाही, टर्बोवॉर्प टाका, चालतं. तिसरीपासून मराठी टाइपिंग, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीतच, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला हे पोरांना दोन दिवसांत कळतं, मोठ्यांनाच कळत नाही. बटणांवर मराठी स्टिकर लावले होते ते महिन्यात घामाने निघाले, आता भिंतीवर मोठा कीबोर्ड रंगवलाय, तो टिकतो.

नेट आमच्याकडे येऊन-जाऊन. म्हणून बालभारतीची पुस्तकं पीडीएफ उतरवून सगळ्या मशीनवर ठेवली आणि किविक्स टाकून मराठी विकिपीडिया ऑफलाइन घेतला. सहावी-सातवी त्यात काय काय शोधतात ते बघत बसावंसं वाटतं, गेल्या आठवड्यात देवमाशावरून पाणबुडीवर गेले होते.

शिक्षकांच्या फेरीबद्दल एक सूचना. शाळेत कॉम्प्युटर आला की तो हळूहळू ऑफिसच्या टेबलावर जातो, कारण यू-डायस, पोषण आहाराची रोजची माहिती, शालार्थ, वरून येणाऱ्या लिंका, हे सगळं शिक्षकांनाच भरावं लागतं आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी जुना डेस्कटॉप ऑफिसात वेगळा ठेवला, एक्सेलसकट, आणि शिवाय आठवड्यातली ती एक फेरी. तेव्हापासून ट्रॉलीतला एकही लॅपटॉप ऑफिसात गेलेला नाही. बदल्या होतात, म्हणून पासवर्ड आणि वेळापत्रक एका वहीत, वही मुख्याध्यापकांकडे आणि एक प्रत समितीच्या अध्यक्षांकडे. सगळी नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवून घ्या, देणगीची वस्तू असली तरी, उद्या पट कमी झाला आणि शाळेचं काही बरंवाईट झालं तर वस्तू कोणाच्या यावर गावात वाद नको.

मेची सुट्टी आणि गणपतीची सुट्टी, दोन्ही वेळा लॅपटॉप शाळेत ठेवू नका. बॅटरी पूर्ण भरून नाही, पूर्ण रिकामी करून नाही, निम्म्यावर ठेवायची आणि कोरड्या जागी. आमचे दोन-दोन करून समितीतल्या तीन घरांत जातात, वहीत सही करून. माझ्याकडे आले ते कपाटाच्या वरच्या फळीवर होते आणि घरातल्या पोरांना सांगितलं होतं की ते बंद पडलेत.

आता ट्रॉलीचा अर्धा स्टार का कापला ते. जड आहे. भरलेली ट्रॉली चौथीतल्या दोघांना ढकलता येत नाही, सहावीचे लागतात. तिसरी-चौथीच्या खोलीला उंबरा आहे, तिथे फळी टाकून चढवावी लागते, व्हरांड्यात रॅम्प होता म्हणून निभावलं. पाऊस तिरका असेल तेव्हा व्हरांड्यातून नेताना वर प्लास्टिक टाकतो. आणि दारांचं कुलूप फालतू निघालं, ते बदललं.

पट वीसच्या आत असेल तर ट्रॉलीच्या फंदात पडूच नका, तीन लॅपटॉप, वर्गातच भिंतीला एक जाळीचं कपाट, बल्ब आणि खिळ्यांची फळी, एवढ्यात भागेल. शंभरच्या वर असेल तर एका ट्रॉलीऐवजी दोन छोट्या करा, वेगवेगळ्या टोकांना. वेल्डिंगवाला दोन इंची चाकं लावून देईल, आम्हालाही दिली होती, कोब्यावरच्या पहिल्याच भेगेत अडकली. चार इंची रबरी घ्या, त्यातली दोन ब्रेकवाली.